पारशिवनीत प्रेमळ सिनेमा कसा काढावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पारशिवनीच्या पूर्वेला रामटेक. कालिदासाच्या यक्षाने ढगाला अलकेचा पत्ता सांगितला तो इथूनच, असं वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी मांडलं. उत्तरेला पेंचचं जंगल आणि त्यापलीकडे मध्य प्रदेशातलं शिवनी. तिथल्या रानात रुडयार्ड किपलिंगने १८९४च्या पुस्तकात मोगलीला लांडग्यांच्या घरी वाढायला ठेवलं. पारशिवनीच्या वाट्याला मात्र ना यक्ष आला ना लांडगा. तालुक्याचं गाव आहे, नगरपंचायत आहे, पानठेले आहेत, पटवारी आहे. गोष्ट तेवढी कोणी लिहिली नाही. नवशिक्याने रिकामा प्लॉट दिसला की आधी धरावा. म्हणून हे मार्गदर्शन पारशिवनीपुरतं. सावनेर-काटोलवाल्यांनी आपल्या जबाबदारीवर वापरावं.

प्रेमळ सिनेमा म्हणजे ज्यात कोणी कोणाला मारत नाही, सगळ्यांना थोडे पैसे कमी पडत असतात, आणि बायका-मुलांना घेऊन पाहता येतो तो. इंग्रजांच्या मुलखात याचा मोठा कारखाना आहे. ग्लासगोच्या बिल फोर्सिथने 'ग्रेगरीज गर्ल' आणि 'लोकल हीरो' काढले, मार्क हर्मनने 'ब्रास्ड ऑफ', पीटर कॅटेनिओने 'द फुल माँटी'. आपल्याकडे राजा परांजप्यांनी गदिमा आणि सुधीर फडके यांना सोबत घेऊन १९५२ साली 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' दिले. हल्लीच्या काळात परेश मोकाशी आहेत, उमेश कुलकर्णींचा 'वळू' आहे. मोकाशींनी २०२३मध्ये 'वाळवी' काढला, त्यात माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. प्रेमळ दिग्दर्शकाला अधूनमधून हात मोकळा करावा लागतो, ते समजून घ्यावं. पहिल्याच सिनेमात तसं करू नये.

जागेची निवड

नवशिक्याला वाटतं, गाव दाखवायचं तर गावात जावं. हा गैरसमज आधी काढून टाका. 'लोकल हीरो'मधलं फर्नेस हे खेडं नकाशावर नाही. त्यातली घरं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेनन गावची, आणि घरांसमोरची म्हणून दाखवलेली वाळू पश्चिम किनाऱ्यावरची. मधे आख्खा स्कॉटलंड. तरी पेननला आजही लोक जातात आणि तिथल्या लाल टेलिफोनच्या खोक्यापाशी उभं राहून फोटो काढतात. जॉन फॅवरोने २०१६मध्ये किपलिंगचं जंगल पुन्हा पडद्यावर आणलं, तेव्हा तो शिवनीला फिरकलाही नाही. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत एक पोरगा घेतला आणि बाकी जंगल संगणकात उगवलं. किपलिंग तरी शिवनीला कुठे गेला होता?

तेव्हा चौक पारशिवनीचा घ्या, नदी घोगरा महादेवाजवळची घ्या, तिथे पेंचच्या पात्रात खडक असे आहेत की कॅमेरा कुठेही ठेवला तरी काम होतं. धरणाची भिंत नवेगाव खैरीची घ्या. रामटेक तालुक्यात चित्रनगरी करायचं सरकारने जाहीर केलं आहे. तिची वाट पाहत बसू नका. सरकारी चित्रनगरी होईतोवर तुमच्या बालकलाकाराचं लग्न होईल.

आणि मे महिन्यात शूटिंग ठेवू नका. मुंबईचा कॅमेरामन पहिल्या दिवशी 'लाइट अप्रतिम आहे' म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो सलाइनवर असतो.

अडचण आणि तिचा आकडा

आता मुख्य सामग्री. प्रेमळ सिनेमाला प्रेम लागतं, असं पुष्कळांना वाटतं. प्रेम शेवटी आपोआप सुटतं. आधी लागते ती अडचण, आणि अडचणीला आकडा हवा.

मोकाशींचा २०१४चा 'एलिझाबेथ एकादशी' पुन्हा पाहा. पंढरपूरचं घर, वडील नाहीत, आई स्वेटर विणून घर चालवते. हप्ते थकले म्हणून विणायचं यंत्र जातं, ते सोडवायला पैसे हवेत, आणि घरात विकण्यासारखी वस्तू एकच : वडिलांनी मुलासाठी बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. ती वाचवण्यासाठी पोरं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात. बाहेर लाखो वारकरी विठ्ठल विठ्ठल करताहेत आणि ही पोरं दिवसाचा गल्ला मोजताहेत. मधुगंधा कुलकर्णींच्या लेखणीची करामत ही, की त्या मोजणीतच आपला गळा दाटतो. भक्ती, विज्ञान, न्यूटन, तुकोबा हे सगळं त्या सिनेमात आहे, पण ते गल्ल्याभोवती फिरतं.

मोकाशींचा पहिला सिनेमाही तसाच. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले दादासाहेब फाळके घरातलं कपाट विकतात, आणि ते कपाट घरातून जाताना आपण हसतो. खरे फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२मध्ये लंडनला गेले होते. त्याच्याही मागे जा. राजा परांजप्यांच्या 'ऊन पाऊस'मध्ये निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको यांना मुलं वाटून घेतात, आई एकीकडे, बाप दुसरीकडे. का, तर खर्च. १९५४ साली लोक थिएटरात रडले ते त्या हिशेबापायी. 'लाखाची गोष्ट'चं तर नावच रकमेचं आहे.

नवशिक्याच्या वहीत मात्र अडचण म्हणून लिहिलेलं असतं : 'गावाची संस्कृती लोप पावत आहे.' संस्कृतीचा हप्ता थकत नाही आणि तिच्या दारावर जप्तीची नोटीस लागत नाही. हे वाक्य खोडा.

पारशिवनीसाठी एक तयार अडचण देतो, फुकट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. एका घरात आजोबांच्या हातचा मोठा नंदी आहे, चाकांवरचा, सागवानी. नागपूरचा एक शोभेच्या वस्तूंचा व्यापारी त्याला चांगली किंमत देतो आहे आणि घरात फवारणी पंपाची उधारी आहे. नातीला नंदी हवा, बापाला उधारी फेडायची, आजोबांना व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत कमी वाटते. आजोबांचा हा मुद्दा विसरू नका, सिनेमा त्याच्यावर चालेल. सायकल काढून नंदी घातला, ही उसनवारी आहे, मान्य. पण फाळक्यांनीही १९१०मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचं चलच्चित्र पाहिलं आणि मनातल्या मनात ख्रिस्ताच्या जागी कृष्ण बसवला. भारतीय सिनेमाचा पायाच असा आहे.

बाहेरचा माणूस

एक शहरी माणूस गावात यावाच लागतो. त्याच्याशिवाय गावाला आपलं गावपण दाखवायला संधी मिळत नाही.

'लोकल हीरो'त अमेरिकेतली तेल कंपनी शुद्धीकरण कारखान्यासाठी आख्खं खेडं विकत घ्यायला माणूस पाठवते. मॅकिंटायर हे आडनाव स्कॉटिश, म्हणून त्याची निवड. मुळात त्याचे आईबाप हंगेरीचे. अमेरिकन वाटावं म्हणून त्यांनी ते आडनाव घेतलेलं. (मुंबईच्या निर्मात्याने तुम्हाला आडनाव बघून विदर्भाच्या विषयावर बसवलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. परंपरा जुनी आहे.) 'वळू'मध्ये कुसवडे गावातला मोकाट बैल डुरक्या पकडायला वनखात्याचा साहेब येतो. अतुल कुलकर्णींनी केलेल्या त्या साहेबाचं आडनाव गड्डमवार, म्हणजे विदर्भाचा माणूस पश्चिम महाराष्ट्रात जाऊन बैलामागे पळतो. आपल्याकडून एक माणूस गेलेला आहे. पारशिवनीने आता तिकडून एक मागवायला हरकत नाही.

खरा धडा पुढे आहे. नवशिक्याच्या पटकथेत शहरी माणूस जमीन मागतो आणि गावकरी ग्रामसभेत उभा राहून म्हणतो, 'जमीन आमची माय आहे.' मागे बासरी. पारशिवनीचा कास्तकार असलं काही म्हणण्याआधी विचारतो, 'शेजारच्याले एकरी किती भेटले जी?' या तालुक्याने धरण पाहिलं आहे. वेकोलिच्या कोळसा खाणी पाहिल्या आहेत. वाघांसाठी राखलेलं जंगल पाहिलं आहे. महाराष्ट्रातला पेंच १९९९पासून व्याघ्र प्रकल्प आहे. नागपूरकर नळ सोडतो तेव्हा बादलीत पडणाऱ्या पाण्यातलं बरंचसं नवेगाव खैरीहून आलेलं असतं. जिथे पाणी, कोळसा आणि रान या तिन्हींसाठी बाहेरची माणसं फायली घेऊन येत राहिली, तिथला माणूस भाव विचारतो. लोभापायी विचारतो असं नाही. भाव न विचारण्याचं काय होतं, हे त्याने बापाच्या सातबाऱ्यावर वाचलेलं असतं.

फोर्सिथला हे बरोबर कळलं होतं. त्याच्या खेड्यातले लोक गाव विकायला पहिल्या दिवसापासून तयार आहेत. ते नुसता विचारात पडल्याचा आव आणतात, भाव चढावा म्हणून. हॉटेलवालाच गावाचा मुनीम, तोच सौदा करतो. अडतो एकच, किनाऱ्यावर झोपडीत राहणारा बेन नावाचा म्हातारा. वाळू त्याच्या मालकीची, पूर्वजाला मिळालेल्या सनदेवर. तो मॅकिंटायरला, म्हणजे मॅकला, म्हणतो, माझ्या मुठीत वाळूचे जेवढे कण आहेत तेवढे पौंड देतोस का? मॅकला वाटतं, म्हातारा लुबाडतोय, आणि तो नाही म्हणतो. म्हातारा सांगतो, चुकलास, मुठीत दहा हजारांहून जास्त कण मावतच नाहीत. हा प्रसंग प्रत्येक नवशिक्याने भिंतीवर लावावा. भाव ठरवायला बसलेल्या दोघांतला भोळा कोण, हे शेवटपर्यंत कळू नये.

मार्क हर्मनचा १९९६चा 'ब्रास्ड ऑफ' तर पारशिवनी तालुक्यात, कन्हानच्या बाजूला, जसाच्या तसा लावता येईल. कोळशाची खाण बंद पडायच्या वाटेवर, आणि खाणकामगारांचा बँड स्पर्धेला निघालेला. सिनेमातला बँड खोटा नव्हता. संगीत ग्राइमथॉर्प कोलियरी बँडने वाजवलं, तिथली खाण १९९३मध्ये बंद झालेली. त्यात कामगारांचं मतदान होतं : खाणीसाठी लढायचं की नुकसानभरपाई घेऊन घरी जायचं? चारास एक या प्रमाणात ते भरपाई घेतात. वाजवणारे हात तेच, आणि मत देणारेही तेच. आपल्याकडच्या दिग्दर्शकाने इथे कामगारांना मुठी आवळायला लावलं असतं. हर्मनने त्यांना पैसे घेऊ दिले आणि तरी त्यांच्यावर माया ठेवली. प्रेमळ सिनेमा याला म्हणतात. बाकी सगळं श्रीखंड.

या कलमावर इतका वेळ घालवला, कारण आपल्याकडचे बहुतेक प्रेमळ सिनेमे इथेच आपटतात. गावकऱ्याला भोळा दाखवणं हा त्याच्यावर केलेला उपकार आहे, असं शहरातल्या लेखकाला मनापासून वाटतं.

जनावर

बैल घ्या, म्हैस घ्या, कुत्रा घ्या. वाघ घेऊ नका. पर्यटन खात्याच्या पोस्टरवर तो शोभतो. जंगलाला लागून ज्याचं वावर आहे, त्याच्या घरी वाघ म्हणजे फाडलेला गोऱ्हा, पंचनामा आणि संध्याकाळी बंद झालेली वाट असते, आणि कधी त्याहून वाईट. त्यावर हसायचा हक्क त्या वावरवाल्याचा, तुमचा नाही. 'वळू'वाल्यांनी बैल निवडला यात अर्धी कथा जिंकली. गावात काहीही बिघडलं की आळ डुरक्यावर, आणि त्याला पकडण्याचं श्रेय कोणाचं यावरून सरपंच आणि आबा यांची जुंपलेली. बैलाला राजकारण कळत नाही, एवढ्यावर दोन तास निघतात.

पात्रं कुठून आणावीत

घरातून. याला दोन्ही देशांत आधार आहे. लंडनला फाळक्यांना 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने ज्यांच्याकडे पाठवलं ते सेसिल हेपवर्थ. त्यांचा १९०५चा 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा जगातल्या पहिल्या प्रेमळ सिनेमांपैकी एक म्हणायला हरकत नाही : बाळ पळवलं जातं, कुत्रा शोधून काढतो, सगळं मिळून सहा-सात मिनिटं. त्यात बाप स्वतः हेपवर्थ, आई त्यांची बायको, बाळ त्यांचं, कुत्राही घरचा. प्रती इतक्या खपल्या की मूळ फिल्म झिजून तो पुन्हा चित्रित करावा लागला. फाळक्यांनी परत येऊन 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास म्हणून आपला मुलगा उभा केला आणि तारामती म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. ३ मे १९१३ला तो सिनेमा मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

त्याआधी भांडवलवाल्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं चित्रण केलं होतं. तुम्हीही असं काही करून दाखवा. फक्त संत्र्याचं झाड निवडू नका, बहर धरेपर्यंत चार-पाच वर्षं जातील. मिरची बरी.

बाहेरून नट आणलाच, तर त्याच्या बोलीवर नजर ठेवा. अमरावतीची बोली पारशिवनीत चालवून घेऊ नका, आणि सुनेच्या तोंडून सासूला 'बे' म्हणवू नका. पडद्यावर हशा मिळेल, पण पारशिवनीत तुम्हाला पुन्हा कोणी चहा पाजणार नाही.

खलनायक

ठेवू नका. राहवत नसेल तर त्याला छंद द्या. 'लोकल हीरो'तला तेल कंपनीचा मालक, म्हणजे बर्ट लँकेस्टर, आकाशातल्या ताऱ्यांपायी वेडा आहे. सौद्याची चौकशी करायच्या आधी तो मॅकला फोनवर आभाळाचा हाल विचारतो. तुमच्या पटवाऱ्याला खंजिरी द्या. दिवसभर फेरफार अडवून ठेवणारा माणूस रात्री भजनात डोळे मिटून वाजवताना दिसला, की प्रेक्षक त्याला अर्धा माफ करतात. उरलेला अर्धा ज्याचा फेरफार अडला आहे त्याने माफ करायचा, आणि तो करत नाही, हेही दाखवा.

शेवट

शेवटी सगळे एकत्र नाचतात, जमीन वाचते, शहरी माणूस धोतर नेसतो, असा शेवट निर्माता मागेल. वॉर्नर ब्रदर्सलाही 'लोकल हीरो'त मॅकने खेड्यातच राहावं असं हवं होतं. फोर्सिथने ऐकलं नाही. त्याने मॅकला ह्यूस्टनला परत पाठवलं आणि खेड्यातल्या रिकाम्या टेलिफोनच्या खोक्यात घंटी वाजवली, बस. पारशिवनीत ही युक्ती चालणार नाही. एसटीडी-पीसीओ केव्हाच बंद पडले, आणि फोन वाजला तर तो प्रेक्षकाच्या खिशात वाजेल. तुमचा शेवट तुम्हाला शोधावा लागेल. एवढंच पाहा की नंदी विकला गेला असेल तर किंमत कळली पाहिजे, आणि वाचला असेल तर फवारणी पंपाचे पैसे कोणी दिले तेही कळलं पाहिजे.

पटकथा पूर्ण झाली की ती घेऊन पारशिवनीच्या एखाद्या पानठेल्यावर जा आणि मोठ्याने वाचा. लोक हसतात की नाही याकडे लक्ष देऊ नका. पारशिवनीची माणसं पाहुण्याचं मन राखायला हसतात. ज्या पानावर कोणी मधेच तोडून 'मग त्याचे किती झाले?' असं विचारलं, ते पान ठेवा. बाकीची पुन्हा लिहा.